माणसाच्या बांधावरचे पक्षी

उजनी धरणाचा आराखडा काढणाऱ्या अभियंत्यांच्या डोक्यात रोहित पक्षी असण्याचे काही कारण नव्हते. त्यांच्यापुढे सोलापूरचा दुष्काळ होता, कालव्यांची लांबी होती, भिजणाऱ्या एकरांचा हिशेब होता. १९८० मध्ये भीमेवरचे हे धरण पुरे झाले. फुगवट्याखाली गावे, शेते, देवळे गेली. माणसे सामान उचलून वरच्या अंगाला सरकली. पुढच्या काही वर्षांत भिगवणजवळच्या उथळ पाण्यात गुलाबी पंखांचे थवे उतरू लागले. आज जानेवारी-फेब्रुवारीत रविवारी पहाटे पुणे-सोलापूर रस्त्याला लागणाऱ्या गाड्यांपैकी कितीतरी गाड्यांत मांडीवर दुर्बीण घेतलेली माणसे असतात, आणि पाण्याखाली गेलेल्या त्याच पट्ट्यातल्या मच्छीमारांची पोरे त्यांना होडीतून पक्षी दाखवायला नेतात.

पक्षीनिरीक्षणाच्या सहलींवर लिहायला बसले की 'निसर्गाच्या कुशीत', 'मानवी वस्तीपासून दूर' हे शब्द हाताशीच असतात. भारतातल्या नावाजलेल्या पक्षीस्थळांची नुसती यादी केली तरी त्यांची पंचाईत होते. भरतपूर हे राजेरजवाड्यांनी बांध घालून केलेले पाणथळ. नांदूर मध्यमेश्वर म्हणजे बंधाऱ्यामागे साठलेला गाळ. गोंदियाचे सारस राहतात ते धानाच्या बांध्यांत आणि जुन्या तलावांच्या काठाने. नागालँडमधले लाखो ससाणे उतरतात ते जलविद्युत प्रकल्पाच्या जलाशयाशी. अरुणाचलातल्या ईगलनेस्टच्या जंगलात शिरायला जो कच्चा रस्ता आहे तो लष्करासाठी खोदलेला. माणसाने कुठे पाणी अडवले, कुठे वाट पाडली, कुठे बंदूक खाली ठेवली, यावर आपल्याकडचे पक्षीवैभव बऱ्याच अंशी उभे आहे. पक्षी पाहायला निघालेल्याने पक्ष्यामागची ही गोष्टही पाहून यावी, एवढ्याच आग्रहापोटी ही प्रस्तावना.

भिगवणचेच घ्या. उजनीच्या सुमारे ११७ टीएमसी साठ्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा आहे. त्यामुळे उन्हाळ्यात 'उजनी वजामध्ये गेली' अशा बातम्या येतात, आणि त्या वाचून शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. पक्ष्यांचे गणित मात्र त्याच पाण्याच्या ओसरण्यावर चालते. पाणी उतरू लागले की काठाचा गाळ उघडा पडतो, गुडघाभर पाण्याचे पट्टे तयार होतात, त्यांत शेवाळ आणि बारीक जीव माजतात. धरण काठोकाठ भरलेले असताना, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, उत्साहाने गेलेली मंडळी 'रोहित कुठे आहेत?' असे होडीवाल्याला विचारत बसतात. चांगल्या पावसाच्या वर्षी रोहितांचे आगमन लांबते. म्हणून सहलीची तारीख ठरवताना कॅलेंडरपेक्षा वर्तमानपत्रातल्या धरणसाठ्याच्या चौकटीकडे पाहिलेले बरे.

कुंभारगाव किंवा डिकसळच्या काठावरून होडी निघते तेव्हा पाण्यावर बहुधा धुके असते. पहिल्यांदा दिसतात ते नदीसुरय आणि जाळ्यांच्या काठ्यांवर बसलेले पाणकावळे. पुढे चक्रवाकांच्या जोड्या, कधी डोक्यावर काळे पट्टे असलेले पट्टकदंब. हे हिमालय ओलांडून आलेले. रोहित पक्ष्यांचा थवा दिसला की जाणता होडीवाला इंजिन बंद करतो आणि बांबूने होडी रेटत थोडी पुढे नेतो. रोहित चोच उलटी करून पाण्यात घालतो, म्हणजे वरचा जबडा खाली आणि खालचा वर. जीभ मागेपुढे करत तो पाणी आत ओढतो आणि बाहेर टाकतो. चोचीच्या कडेच्या बारीक झालरीत शेवाळ आणि कीटक अडकतात. पायांनी गाळ ढवळत तो जागच्या जागी गोल फिरतो, आणि थवा मोठा असेल तर त्याची कुजबुज होडीपर्यंत ऐकू येते. मग एखादी मान वर होते. पाठोपाठ दुसरी, तिसरी. सगळा थवा खाणे सोडून एका दिशेने चालायला लागतो. होडी इथेच थांबायला हवी होती, ही खूण त्याच्याकडून मिळालेली असते. उडणाऱ्या थव्याच्या पंखांतला लाल-काळा रंग टिपण्यासाठी 'जरा अजून जवळ घ्या की दादा' म्हणणारे गिऱ्हाईक प्रत्येक होडीत एखादे असतेच. त्याला नाही म्हणणारा होडीवाला भेटला तर पुढच्या वेळी त्याचाच नंबर लावावा.

सहल संपल्यावर काठावरच्या खानावळीत तळलेली चिलापी आणि बाजरीची भाकरी. ही चिलापी मुळची आफ्रिकेची. उजनीत ती इतकी माजली की स्थानिक माशांना जागा उरेना, अशी मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. ताटातल्या माशाचीही या पाण्याच्या गोष्टीत अशी भूमिका आहे.

नाशिककडे निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाशी नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाला. शंभर वर्षांच्या गाळाने तिथे बेटे झाली, पाणवनस्पती माजल्या; पाटबंधारे खात्याच्या दृष्टीने हा तोटाच. पक्ष्यांना तो मानवला. पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलेली ही महाराष्ट्रातली पहिली जागा. तिथे चमचा, मुग्धबलाक, जांभळ्या पाणकोंबड्या, हिवाळ्यात तलवार बदके आणि थापटे, आणि या सगळ्यांवर घिरट्या घालणारा दलदली भोवत्या असा भरलेला बाजार असतो. चापडगावच्या बाजूने मनोरे आहेत, त्यामुळे म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही सहज पाहता येते. या जागेला हौसेने 'महाराष्ट्राचे भरतपूर' म्हणतात. मूळ भरतपुराची कहाणी मात्र इतकी साधी नाही.

केवलादेवचे जंगल, स्थानिकांच्या तोंडी 'घना', जेमतेम २९ चौरस किलोमीटरचे आहे. जिथे आज देशोदेशीचे लोक पक्षी पाहायला येतात ती जागा भरतपूरच्या राजांनी पक्षी मारण्यासाठी घडवली. अजान बांधातून पाणी सोडायचे, उथळ तळी भरायची, बदके उतरली की पाहुण्यांना बोलावायचे. केवलादेवाच्या देवळाजवळ दगडी फलक आहेत. त्यांवर शिकारीची तारीख, प्रमुख पाहुणा, बंदुका किती आणि पक्षी किती पडले, हे ओळीने कोरलेले आहे. १२ नोव्हेंबर १९३८ च्या नोंदीत व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांचे नाव आणि ४,२७३ हा आकडा आहे. एका दिवसाचा. पक्षीनिरीक्षक या फलकापाशी थांबून फोटो काढतात आणि पुढे जातात. थोडे जास्त थांबायला हरकत नाही, कारण शिकारीसाठी राखल्यामुळेच हे पाणी नांगराखाली गेले नाही.

स्वातंत्र्यानंतर इथे शेती करावी अशी मागणी होती. पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने ही जागा वाचावी म्हणून वजन खर्च केले. पुढे ती रामसर यादीत गेली (१९८१), राष्ट्रीय उद्यान झाली, १९८५ मध्ये जागतिक वारसास्थळ झाली. मधल्या काळात एक वाईट प्रकरण घडले. राष्ट्रीय उद्यान म्हटल्यावर गुरे चारायला बंदी आली. आसपासच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या घनात चरत होत्या. १९८२ च्या नोव्हेंबरात गावकरी आणि पोलीस समोरासमोर आले, गोळीबार झाला, माणसे मेली. त्यानंतर सोसायटीच्याच शास्त्रज्ञांनी दीर्घकाळ केलेल्या अभ्यासाने जे दाखवले ते बंदी घालणाऱ्यांच्या अपेक्षेच्या उलट होते. म्हशी पाण्यातले गवत खाऊन पाणी मोकळे ठेवत होत्या. त्या गेल्यावर पास्पॅलम गवताने तळी गिळायला सुरुवात केली आणि पाणपक्ष्यांच्या वावराची जागा आकसली. ज्या संस्थेने बंदीची बाजू घेतली होती तिनेच हे निष्कर्ष छापले, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

घनातला पुढचा तंटा पाण्याचा. गंभीर नदीवर पांचना धरण झाले, वरच्या शेतकऱ्यांनी पाणी मागितले, आणि काही वर्षे भरतपूरची तळी अक्षरशः कोरडी पडली. सायबेरियन क्रौंचांची शेवटची जोडी २००१-०२ च्या हिवाळ्यात इथे दिसली. ती न येण्याचे कारण केवळ भरतपूरचे पाणी नव्हते; अफगाणिस्तान-पाकिस्तानवरून येणाऱ्या वाटेवरची शिकारही होती. आता पाणी इतर स्रोतांतून आणले जाते. पावसाळा संपता संपता बाभळींवर चित्रबलाकांची घरटी इतकी दाटतात की झाडे पांढरी दिसतात, पिल्लांचा कलकलाट आणि माशांचा वास दूरवर येतो. इथे मोटारी आत नेता येत नाहीत. सायकलरिक्षा घ्यायची, आणि ती ओढणारा माणूसच बहुधा सर्वात चांगला वाटाड्या असतो. झाडाच्या ढोलीतले दिवसा झोपणारे घुबड, वाळक्या पानांत मिसळून गेलेला रातवा, हे तो हँडल न सोडता मानेने दाखवतो. महागडी दुर्बीण गळ्यात असूनही आपल्याला ते दिसायला आणखी पाच मिनिटे लागतात.

महाराष्ट्रात परतायचे तर विदर्भातल्या गोंदियाकडे वळावे. भंडारा-गोंदिया पट्ट्यात कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी बांधलेले शेकडो तलाव आहेत. सरकारी कागदांत 'माजी मालगुजारी', लोकांच्या तोंडी 'मामा तलाव'. नवेगावबांधचा प्रसिद्ध तलावही याच परंपरेतला, आणि मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून आयुष्याची काही महत्त्वाची वर्षे तिथे काढली. महाराष्ट्रात सारस उरले आहेत ते मुख्यत्वे या जिल्ह्यात, आणि तेही मोजके. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वात उंच. उभा राहिला की माणसाच्या खांद्याला, कधी डोक्याला लागतो. पण घरटे करतो ते भर धानाच्या बांधीत, रोपे उपटून त्यांचा ढीग घालून. शेतकऱ्याचे तेवढे धान जाते. तरीही ज्यांच्या बांधीत घरटे झाले त्यांनी ते राखले, म्हणून हा पक्षी इथे टिकला. विजेच्या तारा आणि कीटकनाशके हे त्याचे आजचे शत्रू. इथे सहलीला जाताना एक पथ्य: रस्त्यावरून पाहावे, बांधीत उतरू नये, आणि घरट्याची जागा मोबाइलवरून जगभर सांगत सुटू नये.

महाराष्ट्राशी नाते असलेली आणखी एक गोष्ट ईशान्येकडे सुरू होते. नागालँडच्या वोखा जिल्ह्यात दोयांग नदीवर धरण झाले आणि त्याच्या काठी ऑक्टोबर-नोव्हेंबरात अमूर ससाण्यांचे प्रचंड थवे रात्रीच्या मुक्कामाला उतरू लागले. पूर्व आशियातून आफ्रिकेच्या दक्षिणेकडे निघालेला, दीडशे ग्रॅमच्या आसपासचा हा पक्षी इथे उधईच्या पंखवाल्या किड्यांवर ताव मारून अंगावर चरबी चढवतो. २०१२ मध्ये पांगती गावाच्या परिसरात जाळ्यांत पकडून त्यांची किती कत्तल होते हे चित्रणासह जगापुढे आले. अंदाज लाखांत होते. ज्यांनी ते चित्रण केले त्या पक्षीप्रेमींनी गावावर नुसता चिखल उडवला नाही. चर्च, ग्रामसभा, शाळा, वनखाते सगळे कामाला लागले आणि पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, शिकार थांबली. इतक्या कमी वेळात असे फारच क्वचित घडते. त्याच नोव्हेंबरात तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे बसवली गेली. त्यांची नावे नागा, वोखा आणि पांगती. ते न थांबता भारत आणि अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत पोहोचले.

या वाटेवर महाराष्ट्र येतो. नोव्हेंबर-डिसेंबरात लोणावळ्याच्या पठारांवर अमूर ससाणे काही दिवस टेकतात, आणि मुंबई-पुण्याची मंडळी तिथे तिपाया लावून उभी राहतात. शिकार सोडली म्हणजे गावाने एक हंगामी उत्पन्न सोडले. त्याची भरपाई पर्यटनाने किती झाली, हा प्रश्न पांगतीला जाणाऱ्याने तिथल्या लोकांनाच विचारावा. मुक्काम त्यांच्या घरात करावा हे ओघाने आलेच.

ईगलनेस्टची कथा तर एका पुणेकर खगोलशास्त्रज्ञाशी जोडलेली आहे. अरुणाचलातल्या पश्चिम कामेंग जिल्ह्यातले हे २१७ चौरस किलोमीटरचे अभयारण्य पाचशे मीटरपासून सव्वातीन हजार मीटरपर्यंत चढत जाते. नाव पडले ते १९५० च्या दशकात इथे असलेल्या लष्कराच्या 'रेड ईगल' डिव्हिजनवरून. एकाच रस्त्याने एवढी उंची चढता येत असल्यामुळे दर काही वळणांनी जंगल बदलते आणि पक्षीही बदलतात. रमण अथ्रेय हे तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात काम करत. १९९५ मध्ये त्यांना इथे एक अनोळखी पक्षी ओझरता दिसला. तो पुन्हा हाती लागायला दहा वर्षे गेली. २००६ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले: बुगुन लिओसिकला. भारतात अर्ध्या शतकाहून अधिक काळात नव्याने वर्णन झालेल्या मोजक्या पक्ष्यांपैकी हा एक. नवीन जात जाहीर करताना एखादा पक्षी मारून त्याचे कातडे संग्रहालयात ठेवण्याची रीत आहे. इतक्या थोड्या संख्येतला एकही मारणे त्यांना पटले नाही. जाळ्यात पकडलेल्या पक्ष्याची मापे, छायाचित्रे आणि गळालेली पिसे घेऊन त्याला सोडून दिले.

नाव दिले ते शेजारच्या बुगुन लोकांचे. सिंगचुंगच्या बुगुनांनी २०१७ मध्ये आपल्या मालकीच्या जंगलातला सुमारे सतरा चौरस किलोमीटरचा भाग सामूहिक राखीव म्हणून जाहीर केला. आज तिथल्या लामा कॅम्पवर उतरणाऱ्या पक्षीनिरीक्षकाचे जेवण रांधणारा, गाडी चालवणारा आणि पक्षी दाखवणारा माणूस बहुधा आसपासच्या गावांतला असतो.

ईगलनेस्टच्या रस्त्यावर चालताना बराच वेळ काहीच दिसत नाही. धुके, शेवाळलेली झाडे, टपटपणारे पाणी. नवशिक्याला वाटते, एवढ्या लांब कशाला आलो. मग कुठून तरी चिवचिवाट जवळ येतो, आणि दोन-तीन मिनिटांत वेगवेगळ्या जातींचा मिश्र थवा रस्ता ओलांडतो. कुणी फांदीच्या खालच्या बाजूने सरकतोय, कुणी खोडावर उलटा उतरतोय, कुणी पानांच्या टोकाशी लोंबकळतोय. कोणावर दुर्बीण लावायची हे ठरेपर्यंत थवा दरीत उतरलेला असतो. इथे वाटाड्याचा कान कामाला येतो. आवाजावरून तो नावे पुटपुटत असतो. आपण आपली एकच जात धरावी आणि तिलाच नीट पाहावे.

पाहिलेल्याची खरी नोंद ठेवणेही तितकेच महत्त्वाचे, आणि त्यासाठी खानदेशातल्या रानपिंगळ्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पक्षीतज्ज्ञ ह्यूमने १८७३ मध्ये वर्णन केलेला हा छोटा पिंगळा १८८४ नंतर कुणालाच खात्रीलायक सापडला नाही. रिचर्ड मायनर्ट्‌झहागन या ब्रिटिश कर्नलने मात्र १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला तो मिळवल्याचे म्हटले होते. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी त्याच्या संग्रहाची छाननी केली तेव्हा उघड झाले की तो पक्षी जेम्स डेव्हिडसनने खानदेशात गोळा केलेला, संग्रहालयातून चोरून, नव्याने पेंढा भरून, खोटी चिठ्ठी लावलेला होता. खोट्या चिठ्ठीने शोधणाऱ्यांना दशकानुदशके चुकीच्या मुलखाकडे ओढले. १९९७ च्या नोव्हेंबरात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट खऱ्या चिठ्ठ्यांच्या मागावर शहाद्याजवळ आले, आणि रानपिंगळा दिवसाउजेडी उघड्या फांदीवर बसलेला सापडला. पुढे तो मेळघाटात, यावलमध्ये, अगदी मुंबईजवळच्या तानसातही मिळाला.

म्हणून सहलीची यादी ही फुशारकीपुरती ठेवू नये. तारीख, जागा, वेळ आणि संख्या खरी लिहिलेली यादी संशोधनाला लागते. २०२३ च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालाने ९४२ जातींचा आढावा घेतला तो तीस हजारांहून अधिक हौशी निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर. त्यांतल्या १७८ जातींच्या संवर्धनाला अग्रक्रम द्यायला हवा, असे त्यातून निघाले. यादीत न दिसलेला पक्षी घुसडणारे महाभाग प्रत्येक गटात असतात. मायनर्ट्‌झहागनची गोष्ट त्यांना चहाच्या वेळी जरूर ऐकवावी.

राहता राहिल्या व्यवहाराच्या बाबी. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला समोर बोलावण्याचा प्रकार विणीच्या हंगामात तरी पूर्ण टाळावा. आपली हद्द राखायला धावून आलेला नर त्यात उगाच दमतो. भडक रंगाचे जॅकेट घरी ठेवावे. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची असली की बहुतेक ठिकाणी पुरते. कॅमेऱ्याच्या लांबड्या भिंगाआधी ती घ्यावी. भिगवणला जानेवारी ते मार्च, नांदूरला डिसेंबर-जानेवारी, भरतपूरला घरट्यांसाठी सप्टेंबर-ऑक्टोबर आणि स्थलांतरितांसाठी थंडी, ईगलनेस्टला एप्रिल-मे. सारस वर्षभर असतात, पण पिके निघाल्यावर मोकळ्या शिवारात सहज दिसतात. अरुणाचल आणि नागालँडसाठी इनर लाइन परमिट लागते. ते निघण्याआधी काढून ठेवावे आणि त्याच्या दोन-तीन छापील प्रती खिशात असू द्याव्यात, कारण नाक्यावर मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही.